जाळीतून येणारी ऊब

(भोपाळ, शाहपुरा. जानेवारीतली सकाळ. न्यूमोनियातून उठलेले बाळकृष्ण देशकर आत्ताच दवाखान्यातून घरी आलेत. नलिनीच्या हातातल्या पिशव्या अजून खाली ठेवायच्यात.)

नलिनी : पण मी विचारतेय काय, घरात इतकं गरम कसं? गॅस चालू राहिलाय का?

बाळकृष्ण : गॅस-बिस काही नाही. तू शाल काढ आधी.

नलिनी : बाहेर धुकं आहे नुसतं, आणि शाल काढ म्हणता? अहो, ही छताजवळ जाळी कसली?

बाळकृष्ण : खाली उभी राहा तिच्या. येऊन राहिली ना हवा?

नलिनी : येतेय. गरम आहे. कुणी बसवलं हे?

बाळकृष्ण : कांचनच्या प्रतीकनं. एम. पी. नगरातल्या ऑफिसांमध्ये हेच काम करतो तो. मशीन गच्चीवर, तिथून पाइप खाली. एक जाळी इथं, एक आपल्या खोलीत. चावी कांचनकडे होतीच.

नलिनी : म्हणजे तुमची बहीण तुळशी नगराहून रोज डबा आणायची, ते हे ठरवायला? मी तुमच्या उशाशी बसलेली, आणि मलाच पत्ता नाही!

बाळकृष्ण : तू चहा घ्यायला खाली गेली की आमचं फोनवर चालायचं. आता बढिया आहे की नाही, एवढं सांग. आपल्या अश्विनीच्या घरी असंच आहे ना?

नलिनी : असंच नाही. तिकडे कॅनडात, एडमंटनला जाळ्या जमिनीत असतात. आधी पाय गरम होतात. इथं हवा वरच्या वर राहणार. डोकं तापेल आणि फरशी गारच.

बाळकृष्ण : चपला घालीन.

नलिनी : आणि छातीचं काय? कोरडी असते हो ती हवा. माझा घसा सुकायचा. दोनदा तर सकाळी नाकातून रक्त आलं. शेवटी अश्विनीनं वाफेचं यंत्र आणून ठेवलं खोलीत.

बाळकृष्ण : डॉक्टरला विचारूनच केलं. ते म्हणाले, खोलीत पाण्याचं भांडं ठेवा, पण ती कोळशाची शेगडी पहिली घराबाहेर काढा. तिच्या धुरानंच माझी ही दशा केली म्हणे.

नलिनी : धूळ बसते त्या पाइपात. तिकडे जावई मंदार आठवणीनं फिल्टर बदलतो.

बाळकृष्ण : प्रतीक येऊन साफ करेल.

नलिनी : आणि लाइट गेली की?

बाळकृष्ण : तू तर वकीलच झाली गं! फायदा काहीच नाही का? फोनवर तर सांगत होती, स्वेटरशिवाय फिरते, गुडघे दुखत नाहीत.

नलिनी : आहे ना फायदा. बाहेर ढीगभर बर्फ, आणि घरात अश्विनी अनवाणी चालते. अंघोळ करून आलं तरी काकडायला होत नाही. पण त्याचं एक आहे. सगळ्या खोल्या सारख्याच गरम, त्यामुळे कुणी कुणाजवळ येऊन बसत नाही. मंदार त्याच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, मी वर. मला तिथे आपली गच्ची आठवायची. ऊन सरकलं की तुम्ही खुर्ची सरकवता, मग माझी सरकवता.

बाळकृष्ण : मी इथं एकटाच सरकवत होतो.

नलिनी : आता मी आलेय. मग कशाला हा खटाटोप? भोपाळची थंडी ती किती दिवसांची? खरं सांगा मला.

बाळकृष्ण : तू जावं म्हणून.

नलिनी : कुठे?

बाळकृष्ण : परत. पोरीकडे. महिनाअखेरची तारीख दिली आहे ना तिला? तिचं पहिलं बाळंतपण, अन् तू माझ्या न्यूमोनियासाठी पळत आली.

नलिनी : मग काय करायला हवं होतं? तुम्हाला ऑक्सिजनवर ठेवलंय म्हणून कांचनचा फोन आला. अश्विनीनंच बॅग भरून दिली मला. म्हणाली, "आई, बाबांकडे जा, मी सांभाळीन." आणि कपडे भरताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

बाळकृष्ण : तेच. तू कांचनला सांगितलं ना, तिनं मला सांगितलं ते. रोज रात्री डोळ्यासमोर ती बॅग यायची.

नलिनी : आणि तुम्हाला असं टाकून जाऊ? आज आलात तुम्ही घरी!

बाळकृष्ण : तू हेच म्हणशील, माहीत होतं. पहाटे उठून शेगडी कोण पेटवील, खोली कोण गरम करील. त्याचाच बंदोबस्त केला. बटण दाबलं की झालं. कांचन येऊन राहणार आहे. तुझं एकेक कारण काढून टाकत होतो मी पडल्या पडल्या.

नलिनी : मी कारणं सांगते असं वाटतं तुम्हाला?

बाळकृष्ण : नाही गं. मला जाता आलं असतं ना, तर तुझ्याआधी विमानात बसलो असतो. डॉक्टर म्हणतात, या फुप्फुसांनी आता विमान नको. अन् बाळाला घेऊन ती केव्हा येईल, कोणास ठाऊक. मग माझ्या वाटचं त्याला कोण बघणार?

नलिनी : असं बोलू नका.

बाळकृष्ण : बरं, नाही बोलत. ऐक ना, किती घरघर करून राहिलं हे. तिकडचंही करते का?

नलिनी : करतं. सुरू होताना धाडकन वाजतं, झोपेतून दचकायला होतं. आणि त्या पाइपांतून माणसांचे आवाजही येतात. खाली स्वयंपाकघरात कुणी बोललं की माझ्या खोलीतल्या जाळीतून ऐकू यायचं.

बाळकृष्ण : भांडणंबिंडणं ऐकली काय?

नलिनी : छे. सकाळी मंदार कामावर गेला की ती ओट्यापाशी एकटीच बोलत असायची. मला आधी वाटलं, फोनवर आहे. मग कळलं, पोटातल्या बाळाशी बोलतेय. मी जाळीपाशी जमिनीवर बसून ऐकायची. खाली गेले तर गप्प होईल म्हणून.

बाळकृष्ण : काय बोलायची?

नलिनी : काय सांगू! मी पुण्याची, म्हणून ती लहानपणापासून माझ्यासारखं बोलायची. तुमच्या नागपुरी बोलण्याला हसायची ना? आठवतं?

बाळकृष्ण : आठवते की. मैत्रिणी घरी आल्या की मला म्हणायची, बाबा, तुम्ही नका बोलू.

नलिनी : ती म्हणत होती, "काऊन लाथा मारून राहिला रे बाबू?"

बाळकृष्ण : 'का' नाही, काऊन म्हणाली?

नलिनी : अगदी तुमच्यासारखं. हेल काढून.

बाळकृष्ण : तुला ऐकवायला नसेल ना म्हणाली?

नलिनी : मी ऐकतेय हे तिला अजून माहीत नाही.

बाळकृष्ण : अन् तू हे मला आज सांगते!

नलिनी : दवाखान्यात सांगणार होते. पण तुमच्या नाकाला नळी होती, आणि मला रडू आलं असतं.

बाळकृष्ण : पोराला तेच बोलणं ऐकू जाईल म्हणजे. मी नसलो तिथं तरी.

नलिनी : हो.

बाळकृष्ण : मग तू जाच. तिच्याजवळ कुणी हवं गं या वेळी.

नलिनी : तुम्ही पथ्य पाळाल? रोज वाफ घ्याल? कांचनला शेगडी पेटवायला लावणार नाही?

बाळकृष्ण : आजच कबाडीवाल्याला देतो ती.

नलिनी : बाळ दोन महिन्यांचं झालं की मी परत. मग कुणीही थांब म्हटलं तरी नाही थांबणार.

बाळकृष्ण : मी थांब म्हणणार नाही, एवढं नक्की. प्रतीकला तिकिटाचं बघायला सांगू?

नलिनी : प्रतीक जाळ्या बसवतो. तिकीट मंदार काढेल.

बाळकृष्ण : तेही खरं. अश्विनीला लावू फोन? जागी असेल ती.

नलिनी : थांबा जरा. माझा आवाज नीट होऊ दे.