डीप फ्रीझरमधील काळ्या पिशवीबाबत

दि. १८ मे २०२५, रविवार. वेळ दुपारी ३.४०.

मी, मुकुंद विनायक धारूरकर, वय ६७ वर्षे, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार फ्लॅट क्रमांक १, तळमजला, सौहार्द अपार्टमेंट, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी दमयंती हिच्यासह राहतो. मुलगी स्वराली लग्नानंतर पुण्यास असते. आमच्या घरात मांसाहार होत नाही. हे वाक्य मी सकाळी तोंडी सांगितले होते, ते तसेच कायम ठेवावे. घरात होत नाही, हे खरे आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, धुण्याच्या ओट्याजवळ, आडवा डीप फ्रीझर आहे. कोपऱ्यावरचे आइस्क्रीमचे दुकान बंद झाले तेव्हा तो घेतला. झाकणावर अजून कुल्फीचे चित्र आहे. आत मटार, देवगाव रंगारीहून येणारा हुरडा, खोवलेला नारळ, पुरण अशा वस्तू असतात. इमारतीतले इतर लोकही आपापले डबे आणून ठेवतात. सोसायटीचे सचिव सर्जेराव काळवणे यांच्या मुलीच्या साखरपुड्यातले श्रीखंड दीड वर्षापासून त्यात आहे. ही बाब त्यांच्या तक्रारीत आलेली नाही.

फ्रीझरमध्ये चार बोटे जाड बर्फ साचून झाकण लागेनासे झाले होते. आज सकाळी आठ वाजता चहा घेताना पत्नी म्हणाली, "आज फ्रीझर रिकामा करून बर्फ काढू." मी पुढच्या रविवारी करू म्हणालो. तिने कारण विचारले. मी कप विसळायला उठलो.

साडेआठला शेजारच्या फ्लॅट क्रमांक २ मधील शेख जब्बार शेख उस्मान, वय ५९, यांना बोलावले. ते फ्रीज-एसी दुरुस्तीचे काम करतात. सोळा वर्षांचा शेजार आहे. मी त्यांना दाराशी गाठून हळू आवाजात सांगितले की, तळाशी काळी पिशवी आहे, ती वहिनींच्या नजरेस पडू न देता काढा. ते म्हणाले, "फिकर नको साब."

त्यानुसार प्लग काढला. सामान थर्माकोलच्या खोक्यांत भरून वर ओली पोती टाकली. फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवले व समोर टेबलफॅन लावला. जब्बारभाईंनी पत्नीला बजावले, "सुरी-बिरी लावायची नाय भाभी. पत्रा फाटला, गॅस गेला, की मग हे कपाट होतंय." पिशवी तळाला बर्फात घट्ट चिकटलेली असल्याने त्यांना ती काढता आली नाही.

सामान हलवताना डाळिंबाच्या दाण्यांची पिशवी फुटली. तिचे लाल पाणी वितळलेल्या बर्फाबरोबर पार्किंगमध्ये वाहत जाऊन सर्जेराव यांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी साचले. सर्जेराव यांनी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर 'तळमजल्यावर रक्त' असे लिहून टाकला. त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आमच्या दाराशी येऊन विचारण्याऐवजी त्यांनी ११२ क्रमांकावर फोन केला, व जब्बार शेख हे संशयित मांस कापत असल्याचे कळवले. त्या वेळी जब्बारभाई माझ्या पत्नीचा हुरडा पोत्याखाली झाकत होते.

नऊ चाळीसला हवालदार गोकुळ साळवे व एक शिपाई आले. त्यांनी लाल पाण्यात बोट बुडवून वास घेतला. पत्नीने फुटलेली पिशवी दाखवली. हवालदार म्हणाले, "डाळिंबच हाय की हो हे." सर्जेराव म्हणाले, "वरून डाळिंब असंल. खाली काय हाय ते बघा ना."

मग एकेक वस्तू पंचांसमक्ष उघडली. खोवलेल्या नारळाची नोंद आधी 'संशयित पांढरा पदार्थ' अशी झाली होती, ती खोडली. पुरणाचा गोळा तपकिरी दिसल्याने बाजूला काढला होता. हवालदारांनी तो हुंगून, "पुरण हाय. वेलदोडा लई पडलाय," असे सांगितले. पत्नीने या शेऱ्यावर हरकत घेतली. श्रीखंडाचे डबे कोणाचे, असे विचारल्यावर सर्जेराव यांनी ते आपले असल्याचे सांगून लगेच ताब्यात घेतले. इमारतीतले वीस-पंचवीस लोक जमले होते.

दहा वीसला हवालदारांना तळाच्या बर्फात काळी पिशवी दिसली. "ही कुणाची?" असे त्यांनी विचारले. जब्बारभाई लगेच म्हणाले, "मेरी है साब. मैंने रखी. भाभी को मालूम नहीं." सर्जेराव मोठ्याने म्हणाले, "बघा, बामणाच्या फ्रीझरात!" हवालदारांनी पिशवी उकरायला स्क्रू ड्रायव्हर मागितला. जब्बारभाईंनी पत्रा फाटेल म्हणून तो देऊ दिला नाही. त्यामुळे बर्फ आपोआप वितळेपर्यंत सर्वांनी थांबायचे ठरले.

अकरा वाजता पिशवी सुटली. आत खिमा निघाला. कोणत्या जनावराचा ते तपासावे लागेल, असे म्हणून हवालदारांनी जब्बारभाईंना गाडीत बसायला सांगितले. त्यानंतर मी सांगितले की, खिमा माझा आहे.

त्याबाबत खुलासा करतो की, मी अकरा वर्षांपासून मांसाहार करतो. पत्नी मंगळवारी व गुरुवारी स्तोत्र मंडळात जाते, तेव्हा मी जब्बारभाईंकडे जेवतो. त्यांच्या पत्नी अनवरी स्वयंपाक करतात. या आठवड्यात अनवरीभाभी माहेरी पिशोरला गेल्या आणि त्यांच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा लहान आहे, म्हणून बुधवारी आणलेला खिमा मी स्वतः आमच्या फ्रीझरमध्ये तळाशी ठेवला. पत्नीची कंबर दुखत असल्याने ती तळापर्यंत वाकत नाही, हे मला माहीत होते. खिमा बकऱ्याचा आहे. दुकानाची पावती माझ्या नावाची असून ती मी 'किरकोळ' या फायलीत लावून ठेवली होती, ती हजर केली आहे. हवालदारांनी दुकानदारास फोन करून खात्री केली.

हवालदार म्हणाले, एका पिशवीला दोन मालक हजर, अशी केस त्यांच्या नोकरीत पहिलीच. सर्जेराव यांना तक्रार मागे घेता का विचारले असता, त्यांनी आपण फक्त सोसायटीच्या स्वच्छतेबाबत कळवल्याचे सांगितले. ग्रुपवरील फोटो त्यांनी काढून टाकला. त्याखाली लोकांनी लिहिलेले अजून तसेच आहे.

खिमा तूर्त मुद्देमाल म्हणून ठेवण्यासाठी ठाण्यात फ्रीज नाही. तो आमच्या फ्रीझरमध्ये ठेवता येईल काय, असे मला विचारण्यात आले. फ्रीझर बंद असल्याचे मी सांगितले.

येथपर्यंतचा जबाब टाइप करून हवालदार साळवे यांनी मोठ्याने वाचला. माझी पत्नी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. अकरा वाजल्यापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. ती म्हणाली, "दहा वीस ते अकराचं काय लिहिलंत?"

हवालदार म्हणाले, "बाई, तेवढ्यात बर्फ वितळत होता. केसच्या कामाचं नाय ते."

पत्नी म्हणाली, "अहो, यांच्या मटणाचं मी घरी बघून घेईन. ती चाळीस मिनिटं आधी लिहा."

मी हवालदारांना लिहून घ्या म्हणालो. म्हणून खालील मजकूर वाढवला आहे.

दहा वीस ते अकरा या वेळेत जब्बारभाई धुण्याच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांचा मोबाइल शिपायाकडे होता. सर्जेराव यांनी त्यांचे फोटो काढले. वरच्या गॅलरीतूनही काढले गेले. कोणीतरी त्यांना नावाने न बोलवता 'ए' म्हणाले. कोण म्हणाले ते मला माहीत आहे. मी त्या वेळात स्वयंपाकघरातून तीन वेळा गरम पाणी आणून पातेल्यात ओतले. प्रत्येक वेळी त्यांच्यासमोरून गेलो. त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी एकदा प्यायला पाणी मागितले, ते माझ्याकडे नाही, पत्नीकडे. तिने तांब्या-भांडे आणून दिले. पिशवी माझी आहे, हे सांगायला मला कोणीही अडवलेले नव्हते. मी गप्प का राहिलो असे विचारले असता सांगतो की, पत्नीला कळेल, लोकांना कळेल, याची भीती वाटली. जब्बारभाईंचे काय होईल, हे माझ्या मनात अकरा वाजता, गाडीचे दार उघडल्यावर आले. त्याआधी आले होते, पण मी पाणी आणायला गेलो.

आमच्याबरोबर ठाण्यात आणलेल्या जब्बारभाईंना दुपारी दीड वाजताच घरी जाण्यास सांगण्यात आले आहे. ते गेलेले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून आहेत. मघाशी त्यांनी दारातून डोकावून पत्नीला सांगितले, "भाभी, आतून कोरडं पुसल्याशिवाय चालू करू नका." माझ्याशी ते बोलले नाहीत. मीही अजून बोललो नाही.

जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. वाढवलेल्या भागापर्यंतचा मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाढवलेला भाग बरोबर आहे व खराही आहे.

सही
(मुकुंद विनायक धारूरकर)