आत्याबाईच्या हातचं बी

माहं माहेर चांदूर रेल्वेच्या अंगचं, अन सासर हे असं तिवश्याच्या इकडं. नाव मंदा. शिकली चौथीलोक, त्याच्या पुढं वावरच. लगन होऊन आली तवा मले वाटलं सगये सासर सारखेच, सैपाक, निंदन, शेनपानी, पन ह्या घरात एक निराळंच होतं, इथं ज्वारीचं बी बाप्याच्या हाती नोयतं. बी निवडाचं काम घरच्या मोठ्या सुनेचं. ज्वारी कापाच्या आंधी तिनं वावरात जाचं, मनाले पटतीन ते कनसं खुडून पदरात घ्याचे अन चुलीवरच्या आड्याले टांगाचे, मनजे धुरानं कीड लागत नाई. सासूच्या हातून सुनेच्या हाती जाते हे काम, पयलं कनीस सासू सोता सुनेच्या पदरात टाकते. तुमी मनसान त्यात काय एवढं. मी बी हेच मनली होती.

आता काय सांगू तुमाले, ह्या एका कामापायी माह्या सासूनं, आत्याबाई मनतो आमी तिले, जलमभर बोल खाल्ले. तिच्या सासूच्या येळची ज्वारी मने इतकी उंच का आत बैलजोडी शिरली तर दिसू नये. मंग आत्याबाईच्या हाती बी आलं अन सालोसाल ज्वारी ठेंगनी होत गेली, कनीस बी आखूड. मी आली तवा तर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं रायलं का पल्याडचा मानूस दिसे. लोक काई तोंड धरून बसत नाईत, पन सगळ्यात जास्त बोले ते तिची ननंद, वत्सलाबाई, तिवश्याले देल्ली हाय. दर दिवाळीले ये अन आड्याकडं पाहून मने, माह्या मायचं बी बाटवलं वो ह्या बाईनं, हिच्या हाताले गुनच नाई. अन माहे सासरे, तसे देवमानूस, पन बहिनीच्या पुढं चूप. तेच लागलं आत्याबाईले. मले एकडाव मने, ननंदेचं सोड, तिचं तोंडच तसं, पन ह्याईनं तरी मनाव होतं ना का नाई बा, हिनं नाई बाटवलं. सासरे वारले, ते तसंच रायलं.

मंग मांगच्या काई सालात अकोल्याहून एक पोरगी आली. सना नाव. आमी मॅडम मनतो, आत्याबाई पयल्या दिवसापासून पोरीच मने. अकोल्याचीच, बोलनं आपल्यावानीच, मंधात मंधात हिंदी. झाडाईत जनावराईत पिढ्यानपिढ्या पालट कसा होते ते पाहाचं तिचं काम. मी मनलं मंग आमच्या ज्वारीत काय पाहता. ते मने काकू, ऊन वाढून राह्यलं, पाऊस मंधातच खाडा देते, हे तुमाले बी दिसते, आता ह्या हवेसंगं ज्वारी बी बदलली का, अन बदलली तर निसती अंगानं बदलली का बियातूनच बदलली, हे मले पाहाचं हाय. लय वर्सामांगं कोनी एक सर खेडोखेडी बी मांगत फिरले होते, तुमच्या सासऱ्यानं त्याईले ओंजळभर ज्वारी देल्ली, ते आतालोक थंड मशिनीत ठेवेल हाय. हे आयकलं अन आत्याबाईच्या हातातला घास हातातच रायला. तिनं मनातल्या मनात हिसाब लावला, ते बी आपल्या हाती काम याच्या आंधीचं. तिच्या सासूच्या हातचं.

मॅडमचं मननं असं का हे जुनं बी अन आत्याबाईचं आजचं बी, दोन्ही एकाच वावरात, एकाच मातीत, एकाच दिवशी पेराचं. जमीन तेच, ऊन तेच, मंग जो फरक दिसन तो बियातला. पन पयल्या सालचं मोजाचं नाई. मी मनलं कावून, तर मने काकू, लेकराले मायच्या पोटात काय भेटलं त्याचा बी गुन असते, एक बी मशिनीतून आलं, एक तुमच्या आड्यावरून, दोन्हीले एक पिढी संगं वाढू द्या मंग खरं काय ते पाहू. आमच्या ह्याईनं धुऱ्याजवयचा तुकडा देल्ला. कनसाईवर तिनं कागदाच्या पिशव्या बांधल्या, एकाचा फुलोरा दुसऱ्याले लागू नये मनून. ज्वारीनं टोप्या घातल्या मनून पोट्टे हासत. पानाच्या कोराच्या कोरा कापून ने, बियाच्या आत काय पालटलं ते तिकडं मशिनीत पाहाले.

मी आत्याबाईले मनलं, नाई मना तिले, कायले उकरून काढता. मले भेव वाटे ना, जुनी ज्वारी उभी रायली अन आपली पडली तर म्हातारपनी शिक्काच बसन. ते मने, नाई मंदे, पाहू दे, मले बी पाहाचं हाय, मराच्या आंधी समजू दे मी बाटवलं का नाई.

दुसऱ्या साली खरी पेरनी झाली. अर्ध्या तुकड्याले नळीनं पानी, अर्धा निसता पावसावर, अन दोन्हीकडं जुनं नवं असं मिसळून का कोनतं झाड कोनतं ते काड्याईवरच्या खुनांबिगर समजू नये. तरी आत्याबाईले समजे. बित्तंभर झालं अन ते बोट दाखवे, हे माहं, हे माह्या सासूचं. मंग पावसानं खाडा देल्ला. असा का आभायात ढगच नाई. आत्याबाईची ज्वारी तवरक निसवून गेली होती, कनीस बाहीर, दाना भरून राह्यला, अन जुनी तशीच पोटरीत अडकेल, कनीस आतच, पानं गुंडाळून घेतलेले. मॅडमनं बजावलं होतं, कोरड्या भागाले थेंब लावू नका, सुकन तर सुकू द्या, तेच तर पाहाचं हाय. आता तुमीच सांगा, वावरातल्या बाईले असं सांगतल्यावर कसं जमन? आमी तं रस्त्यानं जाता जाता कोनाच्याई झाडाले उरलं पानी टाकतो.

एक दिवस मी पाहते तं कोरड्या भागात काई झाडाईच्या बुडाशी माती वली. जुन्याच झाडाईच्या. मॅडम आली, पाहलं, अन तिचं तोंडच उतरलं. कोन टाकलं पानी? माहा मालक गड्याकडं पाहे, गडी माह्याकडं. आत्याबाई मने मी टाकलं. सरळ मनली. मने मले नाई पाहवलं पोरी, माह्या मालकाच्या हातानं देल्लेलं बी, मरून राह्यलं डोयापुढं. मॅडम धुऱ्यावर बसून रडली. पूरा साल गेला आजी, अन माह्या हाती आता एकच हंगाम हाय, मंग पैसे बी सरते अन काम बी. मी मनातून आत्याबाईवर चिडली होती, पन मंग माह्या ध्यानात आलं का हे बाई कोनाले जगवून राह्यली, जे उभं रायलं तर हिलेच खोटी पाडन ते. मी तं नसतं केलं, खरं सांगते.

पुढच्या साली मॅडमनंच मारग काढला. जुनं बी थोडं आत्याबाईले देल्लं, मने आजी, हे परसात लावा, पायजे तेवढं पानी घाला, हे तुमचं, पन वावरातल्याले हात लावू नका. आत्याबाई हो मनली अन पाळलं बी. पुन्हा खाडा पडला तं धुऱ्यावर जाऊन बसे, डोक्यावर पदर, दुसऱ्या कोनाले बी तिकडं पानी नेऊ दे नाई. जुनी झाडं सुकत गेले, ते पाहत रायली. घरी आली का जेवे नाई. अन परसातली मातर वर वर चालली, छपराच्या वर, शेजारपाजारचे पाहाले येत.

झोडनी झाली, मॅडमनं सगयं तोलून मोजून नेलं, अन बऱ्याच दिवसानं सांगाले आली. वसरीत बसली. मने आजी, पानी घातलं तिथं तुमच्या सासूचं बी सरस, उंच बी अन वजनदार बी, ते खोटं नाई. पन कोरड्यात त्याच्या कनसात दानाच नाई, अन तुमचं भरलं. अन हा फरक मातीतला नाई, बियातला हाय. आत्याबाई मने मनजे मी बदलवलं ते. मॅडम मने तुमी ठेंगनं पाहून निवडत होत्या काय? आत्याबाई मने छे वो, मी तं भरलेलं कनीस पाहो. तवा ते मने, हेच. खाड्याच्या सालात आंधी निसवे तेच भरे, अन ते ठेंगनंच राहे. आंधी आभायानं निवडलं, मंग उरलं त्यातून तुमी. दुसऱ्या गावाईचं बी पाहलं मी, सगळीकडं नाई, पन बऱ्याच ठिकानी असंच झालं, तिथं तं तुमचा हात नोयता ना. अन तुमी हावरेपनानं उंच उंच ठेवलं असतं तं आज हे बीच नसतं. बाटवलं नाई आजी, टिकवलं.

 आत्याबाईनं पदर डोयाले लावला अन रडली, मोकयं रडली. मने ह्याईनं आयकाले पायजे होतं.

मॅडम आता दुसऱ्या राज्यात गेली नोकरीवर, सुखात राहो पोरगी, फोन करते. जाता जाता सांगून गेली, एकच जात धरून बसू नका काकू, पाऊस कवा पालटन सांगता येत नाई. मनून आता आड्याले दोन्ही टांगतो, ठेंगनी बी अन परसातली उंच बी. निवडाचं काम आता माह्याकडं, पन आत्याबाई खाटेवरून पाहते अन नावं ठेवते, चाललंच हाय.

परवा मले मने, वत्सलेले फोन लावून दे. मी मनात मनलं आज काई खरं नाई, लावून देल्ला अन तिथंच उभी रायली. एवढ्या सालाचं पोटात धरलेलं, आता निघन. तिकडून हालो हालो झालं, अन हे मनते, कशी हायेस बाई, जेवली काय? मंग तिचं आयकत रायली, हं हं करत, अन फोन माह्या हाती देल्ला. मी मनलं आत्याबाई, सांगतलं कावून नाई? मने तिचा आवाज लय थकला वो मंदे. दात नसतीन आता तिले, थोडी ज्वारी धाड, आंबील करून पेईन. मी उठली तं पुन्हा हाक मारली, मने, माह्या निवडीतली धाडजो.