राजपुत्राची संकष्टी

तुम्ही हसाल, पण रक्त पिणाऱ्या एका राजपुत्रासाठी मी संकष्ट्या धरल्या होत्या. बहात्तर-त्र्याहत्तर सालची गोष्ट असेल. वाईत आमच्या वाचनालयात त्याच्या कादंबरीचा नवा भाग आला की बायका नंबर लावायच्या. तो शापित पिशाच, चंद्र उगवला की भुकेला उठायचा. संकष्टीला मीही भुकेली, गच्चीवर त्याच चंद्राची वाट बघत बसलेली. वाटायचं, बिचाऱ्याचा हा युगायुगांचा उपास कुणीतरी सोडवायला हवा. म्हणून त्याच्या मुक्तीसाठी मी गणपतीला नवस बोलले.

पुढचा भाग नेमका संकष्टीलाच हाती पडला. त्यात राजपुत्र भर दुपारी उठतो, पोटभर रक्त पितो आणि वर ढेकर देतो. मी पुस्तक मिटलं, डोळ्यांत पाणीच आलं.

"काय झालं वो वैनी?" शेजारच्या तानूबाईंनी विचारलं.

"चंद्र उगवायच्या आधीच उपास मोडला हो त्यानं."

"मग तुमी तरी कशापायी उपाशी? जेवा की."

"त्याचा मोडला म्हणून तर माझा राखायला हवा."

चंद्र वर आला, कृष्णेचं पाणी दुधासारखं दिसायला लागलं. नैवेद्यातला एक मोदक मी राजपुत्राच्या नावानं गच्चीच्या कठड्यावर ठेवला. सकाळी बघते तर मोदक नाही.

"मांजरानं खाल्ला आसंल," तानूबाई म्हणाल्या.

"असेल. पण लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा हो, पुढच्या भागात त्याला रक्त पाजू नका म्हणावं. मोदक खायला लागलाय तो."