शिरोलीत न ओतलेला व्हॉल्व्ह

नाव: आसावरी राजीव नेर्लेकर. वय: २९ वर्षे. व्यवसाय: धातुशास्त्र अभियंता, व्हॉल्व्ह आयात करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणी. राहणार: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी.

मी येथील तपास अधिकाऱ्यांसमोर समक्ष हजर राहून जबाब देते की, मला इंग्रजी येते. तरी जबाब मराठीत देत आहे. याची प्रत कोल्हापूर पोलिसांकडे जाणार आहे आणि तिथे ज्यांच्यावर आळ आला आहे, त्यांना तो स्वतः वाचता यावा, म्हणून.

गेल्या महिन्यात आमच्या गोदामात दाबचाचणी चालू असताना एक व्हॉल्व्ह फुटला. चाचणी करणारे सहकारी देवांग यांचा उजवा डोळा गेला. ते माझ्याच गाडीतून कामावर येत. सध्या मी एकटी येते.

कंपनीचे मालक श्रीरंग काका माझ्या वडिलांचे मित्र आहेत. व्हॉल्व्ह कोल्हापूरजवळ शिरोलीच्या रत्नाताई नलवडे यांच्या फाउंड्रीचा आहे, असे त्यांनी कळवले, त्यांची ऑर्डर कॅन्सल केली आणि कोल्हापूर पोलिसांत तक्रार दिली. तेव्हापासून रत्नाताईंची भट्टी बंद आहे.

फुटलेला तुकडा मी तपासला. रत्नाताईंच्या फाउंड्रीची खूण साच्यातच असते, त्यामुळे अक्षरे ओतकामावर उठून येतात. या तुकड्यावर आधीची खूण ग्राइंडरने घासून तीच अक्षरे वरून पंचने ठोकली आहेत. ती खोल गेली आहेत.

मी काकांना विचारले. ते म्हणाले, "अगं, दुसऱ्या देशातून आणलेला माल तो. त्यावर टॅरिफ वाढलं, भारताच्या मालावर कमी आहे. मग काय गोदामाला कुलूप लावू? लोखंड ते लोखंड, त्याला कसला पासपोर्ट?"

मी म्हणाले, "पासपोर्ट तुम्हीच ठोकलात, काका."

"बाजार खुला झाला तेव्हा रत्नाला पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर मी दिली. ती समजून घेईल."

"देवांगही समजून घेईल का?"

ते म्हणाले, "तो तुकडा स्क्रॅपमध्ये टाक. आणि तुझा व्हिसा कुणाच्या सहीवर आहे, तेही बघ."

मी "माहीत आहे" असे सांगितले. तुकडा स्क्रॅपमध्ये टाकला नाही. तो या टेबलावर आहे.

दुभाषी अस्मिता यांनी वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटी 'कोणत्याही दबावाशिवाय' असे लिहिले होते. ते मी बदलून घेतले. दबाव होता, तरी सांगितले.