सभा, प्लगइन आणि उघडं तोंड

अरे, आमच्या नगरपरिषदेनं आम्हा पत्रकारांना सभागृह बंद केलं आणि सांगितलं, ब्राउझरमध्ये थेट बघा. पाणीपट्टीवाढीचा विषय निघाला आणि माझा कॉम्प्युटर घरघरायला लागला. ब्राउझरला जोडलेल्या व्हिडिओच्या प्लगइननं सगळा प्रोसेसर खाल्ला. माझी ऑपरेटिंग सिस्टिम फुकटातली, दोष तिचाच असेल म्हणून लातूरच्या मित्राला, बालाजीला फोन लावला, त्याची विकतची.

"हीच सभा तुझ्याकडं लाव बरं."

"लावली भाऊ. इथंबी प्रोसेसर शंभर टक्के. पडद्यावर अध्यक्ष तोंड उघडून अडकलेत."

मी तडक सभागृह गाठलं. दारात शिपाई म्हणाला, "साहेब, ऑनलाइन हाय की."

"तिथं आवाज येईना," म्हणालो आणि आत शिरलो.

आत काहीच अडकलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?" एकाही सदस्याचा आवाज आला नाही. वाढ मंजूर.