कोऱ्या कागदाचं पत्र

हसू नका, पण बायकोचं पाकीट मी एकदा चोरून उघडलं होतं. नवं लग्न, एटापल्लीच्या जंगलात नोकरी. तिले माहेराहून, कुरखेड्याहून पाकीट यायचं, वरचा पत्ता झोकदार अक्षरात. तिले वाचता येत नव्हतं, पण मलेही दाखवायची नाई. न उघडताच नाकाशी धरून, डोळे मिटून बसायची.

शेवटी मी भाताच्या वाफेवर ते सोडवलं. आत कोरा कागद अन् चार वाळली मोहफुलं! भातानंच परत चिकटवलं.

तिनं हुंगलं. "याले भाताचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी चूल फुकायले लागलो.

"पत्ता मास्तर लिवते. मायले लिवता येत नाई, म्हणून ती आंगणातला मोह धाडते. तुमी वाचलं न? मंग सांगा, माय कशी आहे?"

सातवी शिकलेला मी. मले सांगता आलं नाई.