ताटलीतला चुरा

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे आपले आजी-माजी संचालक, आमच्या प्रयोगांसाठी वर्षानुवर्षं बोटं टोचून घेणारे स्वयंसेवक, माझे सहकारी, घरची मंडळी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या चाचणी-स्वयंपाकघराच्या ताई...

ताई, मघापासून तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आहात, जणू आत दूध उतू चाललंय. जरा टेकून बसा. दूध बघायला आज दुसरं कुणीतरी आहे.

माझ्या आधी संचालकसाहेब बोलले. ओघात ते म्हणाले, "आमच्या एन्झाइम विभागाच्या प्रमुखांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःचा निकाल स्वतःच्या हातानं मागे घेतला, असा प्रामाणिकपणा दुर्मीळ." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी मान खाली घालून हसलो. आठ वर्षं मी या वाक्याला असाच हसत आलोय. आज मात्र ती गोष्ट जशी घडली तशी सांगायची आहे. आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. दहा लागतील.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगतो. आपण ब्रेड खातो, पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते. मधुमेह असला की ती तिथे साचून राहते. आमची कल्पना अशी, की जेवणाबरोबर चिमूटभर पावडर घ्यायची. त्यातलं एन्झाइम थोड्या साखरेचं आतड्यातच अशा पदार्थात रूपांतर करील, जो अंगात शोषला जात नाही. म्हणजे तेवढी साखर रक्तापर्यंत पोचायचीच नाही. गोळ्या आणि इन्शुलिन सोडा, असं आम्ही कधीच म्हटलं नाही. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस द्यावा, इतकंच.

पहिल्या चाचणीत बाराजण होते. प्रत्येकानं आठ वेगवेगळ्या दिवशी सकाळी यायचं, एक पुडी घ्यायची, ताईंनी मोजून दिलेल्या ब्रेडच्या चार स्लाइस खायच्या आणि दर अर्ध्या तासानं रक्त द्यायचं. आठपैकी चार पुड्या खऱ्या, चार नुसत्या पिठाच्या. कुठली कुठली, हे ना त्यांना ठाऊक, ना आम्हाला. आणि खाताना समोर कुणी बसायचं नाही, हा नियम माझा. कुणी बघत असलं की माणूस अवघडतो, असं मी मोठ्या ऐटीत समजावलं होतं.

त्या बाराजणांत होते आपले घड्याळवाले काका. ते पाहा, तिसऱ्या रांगेत. काका, हात वर केलात तरी चालेल, सगळे ओळखतात तुम्हाला. काकांचे आकडे म्हणजे काय विचारता! कुठल्या दिवशी कुठली पुडी होती ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली आणि पाहतो तर खऱ्या पुडीच्या चारही दिवशी साखर जेमतेम हललेली. बाकीच्यांची रेघ टेकडीसारखी, काकांची जमिनीला चिकटलेली. मी तो आलेख मोठा करून भिंतीवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून धरून दाखवला. माझी बायको म्हणाली, "आपल्या मुलीच्या निकालाच्या दिवशी एवढे नाचला नव्हतात."

सोमवारी समितीपुढे जायचं होतं. काम पुढे न्यायचं की गुंडाळायचं, याचा निर्णय त्या दिवशी होणार होता. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ताई माझ्या खोलीत आल्या. ओले हात पदराला पुसत, काखेत एक लांबट वही.

"साहेब, जरा बघता का? काकांच्या ताटलीत काही दिवस चुराच नसतो."

मला वाटलं, स्वच्छतेचं कौतुक चाललंय. मी म्हटलं, "बरंय की, धुवायला सोपं."

"तसं नाही. ब्रेड खाल्ला की चुरा पडतोच. बाकीच्यांच्या ताटलीत दोन ग्रॅम, अडीच ग्रॅम. यांच्या ताटलीत कधी दोन, कधी अर्धा. चार दिवस दोन, चार दिवस अर्धा."

प्रत्येक ताटली जाताना आणि परत येताना वजन करायची, असं ताईंना कुणीही सांगितलं नव्हतं. त्या ते आपलं काम समजत होत्या. आणि त्यावर मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "ताई, तुम्ही स्वयंपाकघर बघा, आकडे मी बघतो."

त्या म्हणाल्या, "आकडेच आणलेत, साहेब." वही टेबलावर ठेवली आणि गेल्या.

तासभर मी त्या वहीला हात लावला नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. शेवटी उघडली. अर्ध्या ग्रॅमचे चार दिवस आणि खऱ्या पुडीचे चार दिवस एकमेकांशी तंतोतंत जुळत होते.

मी काकांच्या दुकानात गेलो. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. मी विचारलं. त्यांनी भिंग काढलं, आणि जराही आढेवेढे न घेता म्हणाले, "खरी पुडी जिभेवर जराशी आंबूस लागते हो. त्या दिवशी मी तीन स्लाइस रुमालात बांधायचो."

"अहो पण का?"

"तुम्हीच म्हणालात ना, या बाराजणांवर सगळं अवलंबून आहे म्हणून? घरी हिची साखर तीनशेच्या खाली येत नाही. म्हटलं, औषध लवकर निघावं. आपला तेवढाच हातभार."

"आणि ब्रेड?"

"टाकला नाही! दुपारी चहात बुडवून खायचो."

उपाशी राहून या माणसानं माझं औषध यशस्वी केलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसलो. रडू की हसू, कळेना.

तरी मंडळी, सोमवारपर्यंत मी दोनदा ठरवलं की गप्प बसायचं. हे कुणाला माहीत नाही. काकांचे आकडे काढले तर उरत होता अगदी किरकोळ फरक. माझी नऊ वर्षं त्या एका रेघेवर उभी होती. आणि वही फक्त माझ्या टेबलावर होती. ताईंनी तिची प्रत ठेवली नव्हती. विश्वासानं ठेवून गेल्या होत्या. त्या विश्वासापुढे माझं काही चाललं नाही.

समितीच्या अध्यक्षा तेव्हाही आजच्या अध्यक्ष महोदयाच होत्या. मी निकाल मागे घेतला. त्यांनी विचारलं, "ही चूक कुणाच्या लक्षात आली?" मी म्हणालो, "आमच्या विभागाच्या." बाई, ते उत्तर अपुरं होतं. त्या दिवसापासून शाबासकी मला मिळत गेली आणि मी ती घेत गेलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसरी चाचणी साठजणांवर झाली. आंबूस चव झाकली, खाणाऱ्यांसमोर ताई खुर्ची टाकून बसल्या, आणि गंमत म्हणजे कुणीही अवघडलं नाही. उलट लोक गप्पा मारत चारही स्लाइस संपवू लागले. जेवणानंतरची साखरेची चढण बुटकी झाली. काकांच्या रेघेइतकी नाही, पण झाली, आणि प्रत्येक ताटलीच्या वजनासकट झाली. आता मोठी चाचणी सुरू आहे. तिच्यात घड्याळवाल्या काकूही आहेत. त्यांच्या पुडीत काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि काका, तुम्हीही चाखून बघायचं नाही! हे काम टिकेल, अशी माझी आज खात्री आहे. त्याचा पाया खरा आहे, आणि तो पाया ताईंनी घातला.

ताई, तुमची ती वही तुम्हाला भेट द्यावी, अशी माझी फार इच्छा होती. पण ती आता चाचणीच्या नोंदींतला पुरावा आहे. कुलपात आहे. म्हणून एवढंच देतो. त्या शुक्रवारी खोलीत आपण दोघंच होतो. मी जे बोललो ते तुम्ही आठ वर्षांत कुणालाही सांगितलं नाहीत, घरीसुद्धा नाही, असं आज तुमच्या लेकीकडून कळलं. म्हणून ते मी सांगितलं, सगळ्यांसमोर. ते वाक्य मी परत घेतो. आकडे तुम्ही बघितलेत, ताई. मी फक्त वाचले.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. ताईंची माफी मात्र मी वेगळी मागतो.

बाहेर चहा आणि ब्रेड ठेवलाय. एकच विनंती, ताटल्या पुसून ठेवू नका. ताई जाताना एकदा बघतीलच.